झडप : एक दुरुस्ती

प्रस्तुत लेखाला निमित्त झाली ती स्नानगृहातील गिझरची एक झडप. तिची किंमत साडेतीनशे रुपयांहूनही कमी. आणि साहित्याच्या अध्यापनाशी तिचा काही संबंध असू शकेल, असे गेल्या मार्गशीर्षापर्यंत आम्हांला कोणी सांगितले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. ती झडप आम्ही बदलली. ती बदलत असताना आमच्या हातून पूर्वी झालेले एक लेखनही बदलायला हवे, असे ध्यानात आले. तेव्हा हा मजकूर म्हणजे एक दुरुस्ती आहे, आणि ती दोन अर्थांनी आहे.

हे लिहिणारे आम्ही दोघे पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक. एकाचे महाविद्यालय पालघरला, दुसरीचे बोईसरला, आणि बिऱ्हाड बोईसरला. मधले उमरोळी स्थानक धरून हा प्रवास दोन स्थानकांचा. २०१३ साली विरारच्या लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून तो पूर्वीइतका बेभरवशाचा राहिलेला नाही. घरात आमच्यासोबत अण्णा राहतात : एकाचे वडील, दुसरीचे सासरे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी उभी हयात बॉयलर अटेंडंट म्हणून काढली. त्यांचे शिक्षण नववीपर्यंतचे. बॉयलर चालवण्याचे सरकारी प्रमाणपत्र मात्र त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेले, आणि ते आजही त्यांच्या ट्रंकेत आमच्या पदव्यांपेक्षा अधिक नीटपणे ठेवलेले आहे.

दिवाळीनंतर अण्णा चिंचणीला आपल्या बहिणीकडे राहायला गेले. त्याच सुमारास गिझरखालच्या झडपेतून पाणी टपकू लागले. आधी ते फक्त पाणी तापत असताना टपके. पुढे दिवसभर टपकू लागले. भिंतीवर ओल आली, फरशीवर पांढरा थर धरू लागला. आमच्या इमारतीला बोअरवेलचे पाणी, म्हणजे क्षारांचा सुकाळ. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले असताना त्या टपटपीने आमचे चित्त थाऱ्यावर राहीना. शेवटी एका प्लंबरला बोलावले. त्याने झडप न्याहाळली आणि म्हणाला, "वॉल बदलायला लागेल, नाहीतर हे भोक बुजवून देतो. दोन मिनिटांचं काम." आम्ही दुसरा पर्याय स्वीकारला. त्याने एम-सीलची गोळी मळून त्या भोकात दाबली. टपकणे थांबले. त्या कारागिराला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्याने दोन पर्याय ठेवले होते, निवड आमची होती.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही समाधानात होतो.

अण्णा परत आले त्या सकाळी अंघोळीला गेले आणि पाचच मिनिटांत कोरडेच बाहेर आले. पॅसेजमधला गिझरचा एमसीबी त्यांनी खाली पाडला आणि विचारले, "टपकायचं कुणी बंद केलं?" आम्ही काहीशा अभिमानानेच सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा घरात काय होते हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी सर्वांनी गॅसवर पाणी तापवून अंघोळी केल्या, आणि संध्याकाळी चहा घेता घेता अण्णांनी आमचा वर्ग घेतला.

त्या वर्गाचा सारांश असा. गिझरची टाकी पंधरा लिटरची. पाणी तापले की ते फुगते. पंचवीस अंशांचे पाणी पासष्ट अंशांवर नेले, तर पंधरा लिटरमागे सुमारे पाव लिटर पाणी जास्तीचे होते. हे पाव लिटर जाणार कुठे? आलेल्या वाटेने ते परत गच्चीवरच्या टाकीकडे जाऊ शकत नाही, कारण झडपेच्या पोटातच पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा पडदा असतो. नळ बंद, म्हणून पुढेही वाट नाही. तेव्हा आतला दाब चढत जातो. झडपेतली स्प्रिंग ठरावीक दाबाला, आमच्या झडपेवर कोरले होते त्याप्रमाणे आठ बारला, मागे सरते आणि पाण्याचे चार थेंब बाहेर सोडते. गच्चीवरच्या टाकीमुळे आपल्या नळाला येणारा दाब जेमतेम एक बार. म्हणजे तापताना टपकणे हा त्या झडपेचा बिघाड नसून तिचे कामच ते. दिवसभर टपकणे हा मात्र बिघाड : स्प्रिंगखालच्या बैठकीत क्षाराचा कण अडकलेला असणार. "तुम्ही बिघाड काढला नाही," अण्णा म्हणाले, "काम बंद केलंत." थर्मोस्टॅट आणि त्यामागचा कटआऊट शाबूत होते म्हणून तीन आठवडे निभावले. ते दोन्ही एखाद्या दिवशी चिकटले असते, तर पाणी तापतच राहिले असते आणि त्याला बाहेर पडायला कोठेही जागा नव्हती. त्याच न्हाणीघरात आमची मुलगी रोज सकाळी सात वाजता अंघोळ करते. हे वाक्य अण्णांनी उच्चारले नाही. ते आम्हांला आपोआप ऐकू आले.

त्या रात्री आम्ही सवयीप्रमाणे शब्दाकडे वळलो. संकटात आमच्या हाताशी तेवढेच साधन असते. इंग्रजीतील 'व्हॉल्व्ह' हा लॅटिन 'वाल्वा'वरून आलेला, आणि 'वाल्वा' म्हणजे दुहेरी दाराची एक फळी. मराठीत ज्याने कोणी यासाठी 'झडप' हा शब्द योजला, त्याला ही व्युत्पत्ती माहीत होती की नाही, न कळे. पण आपल्याकडेही झडप म्हणजे दाराखिडकीची उघडझाप करणारी फळीच. योजना अचूक आहे. गंमत अशी, की हा अचूक शब्द वापरतो तो शास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची बातमी देणारा वार्ताहर. ज्यांचा तिच्याशी रोज हात लागतो ते सारे, प्लंबर, फिटर आणि अण्णा, तिला 'वॉल' म्हणतात. झडप म्हणजे दार, हे समजल्यावर आमच्या कृत्याचे वर्णन अधिक स्पष्टपणे करता आले. आम्ही एक दार बाहेरून कडी घालून बंद केले होते, कारण ते करकरत होते.

या दाराचा इतिहासही मनोरंजक आहे. दनी पापँ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे सादर केले. वाफेच्या दाबाने त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्याला वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर हा त्या भांड्याचा थेट वंशज, आणि त्याची शिटी ही त्या वजनाची. कुकरची शिटी होते तेव्हा आपण डाळ शिजल्याची वार्ता ऐकतो. वास्तविक ती वार्ता न फुटण्याची असते.

भारतात मात्र ही जाण स्फोटांतून आली. १८६३ साली कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगाल प्रांतात बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीच्या कायद्यांची जागा १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने घेतली. तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून २०२५ साली नव्या कायद्यासाठी पायउतार झाला. अण्णांची परीक्षा १९२३ च्या कायद्याखालची. त्यातला एक नियम ते आजही पाठ म्हणून दाखवतात : बॉयलरवर सेफ्टी वॉल दोन हवेत. हा नियम या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख येथे केला पाहिजे. आम्ही ज्या गावात राहतो तेथे, अण्णांच्या शब्दांत, "सगळे पाणीच तापवतात." वसाहतीतल्या कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांत वाफ लागते, रसायनांच्या कारखान्यांत लागते, आणि १९६९ साली तारापूरला सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्यांना तर नावच 'उकळत्या पाण्याच्या' भट्ट्या असे आहे. तेव्हा झडप या विषयाचे गांभीर्य बोईसरकरांना शिकवावे लागू नये. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी वसाहतीतल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटाने आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरली होती. त्या रात्री अण्णा जेवले नव्हते. तरीही आम्ही भोक बुजवले.

असे का व्हावे, याचा विचार करताना अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अपघात आठवला. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तेथील अणुभट्टीची दाब सोडणारी एक झडप उघडली आणि पुन्हा मिटलीच नाही. नियंत्रणकक्षात तिच्यासाठी एक दिवा होता. परंतु तो दिवा झडप मिटल्याचे दाखवत नसे. झडपेला मिटण्याचा आदेश गेला आहे, एवढेच दाखवत असे. आदेश गेला होता. त्यामुळे तज्ज्ञ माणसे दोन तासांहून अधिक काळ झडप मिटली आहे असे समजून निर्णय घेत राहिली, पाणी निसटत राहिले आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. चिन्ह आणि चिन्हित यांच्यातील अंतर आम्ही एम. ए. च्या वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. ते अंतर इतके महाग पडू शकते, हे आम्ही कधी सांगितले नव्हते. आमचाही एक दिवा होता : टपकणे थांबले, म्हणजे झडप दुरुस्त झाली. दिवा आम्ही नीट वाचला. झडप वाचली नाही.

रविवारी आम्ही नवी झडप आणली. अण्णांची बोटे आता संधिवाताने वळत नाहीत; म्हणून सूचना त्यांच्या आणि हात आमचे, अशी विभागणी झाली. त्यांनी स्टुलावर बसून क्रम सांगितला, आणि प्रत्येक पायरीला कारणही. आधी वीज बंद, आणि ती बटणावर नव्हे तर एमसीबीवर. कारण टाकी रिकामी असताना चुकून गिझर चालू झाला तर आतली कॉइल जळते. मग गिझरकडे येणारा कॉक बंद. मग गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवायचा. पाणी थंड होईपर्यंत थांबायचे; येथे आमचा उतावीळपणा आडवा आला तेव्हा अण्णांनी नुसता आपला डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत गेलेला भाजल्याचा व्रण आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. थांबलो. मग जोडनळीची चाकी पान्याने सैल केली, खाली बादली धरून टाकीतले पाणी काढून घेतले आणि जुनी झडप उलटी फिरवून काढली. नव्या झडपेच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप दहा-बारा वेढे गुंडाळली, आणि ती आट्यांच्या दिशेनेच, नाहीतर झडप बसवताना टेप उलगडून येते. झडपेवरचा बाण टाकीकडे. हाताने बसेल तितकी बसवून मग पान्याने पाव फेरा. "जास्त जोर लावला की आटे मरतात," अण्णा म्हणाले. कॉक उघडला, गरम पाण्याच्या नळातून आधी फुसफुसत हवा आणि मग अखंड धार आली, तेव्हा कुठे त्यांनी एमसीबी वर करू दिला.

जुनी झडप त्यांनी हातात घेतली, तिच्या तोंडातली कडक झालेली गोळी नखाने खरवडून पाहिली आणि सहज म्हणाले, "वॉल बांधायचा नसतो. मी पण नव्हता बांधला."

आम्ही विचारले. पुष्कळ विचारावे लागले.

१९९४ चा पावसाळा. अण्णा तेव्हा कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या बॉयलरवर होते. बॉयलरच्या दोन सेफ्टी वॉलपैकी एक ठरलेल्या दाबाच्या बराच आधी वाफ सोडू लागला. तो काढून दुरुस्त करायचा तर भट्टी विझवावी लागणार, म्हणजे निदान एक पाळी बंद. आणि माल तर दोन दिवसांत रवाना व्हायचा होता. वरिष्ठांनी सांगितले, वॉल बांधून टाक, दुसरा आहेच. अण्णा म्हणाले, एक बिघडला तर दुसरा हवा म्हणून दोन असतात. एक बांधून ठेवायला दोन नसतात. शब्दाने शब्द वाढला. अण्णांनी स्वतःच्या जबाबदारीवर भट्टी विझवली. आठ तास कारखाना थंड. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांना आत सोडले नाही.

"मग पुढं काय झालं? त्या वॉलचं?"

"बांधला ना. दुसऱ्या माणसाकडून बांधून घेतला. महिनाभर तसाच चालवला म्हणे."

"आणि?"

"आणि काय? नाही फुटला."

आमच्यापैकी एकाला तो पावसाळा लख्ख आठवतो. तेव्हा तो आठवीत होता. दोन खोल्यांची जागा सोडून एका खोलीत यावे लागले. आईने शिवणयंत्र रात्री उशिरापर्यंत चालवले. शाळेच्या फीसाठी वर्गात नाव पुकारले गेले. दुसऱ्या कारखान्यात अण्णांना काम मिळायला चार महिने लागले. घरात यामागचे कारण कधी बोलले गेले नाही. मुलाला समजले ते एवढेच, की वडिलांचे साहेबाशी भांडण झाले. आणि वडील तापट आहेत हे त्याला आधीपासून माहीत होतेच. याच समजुतीवर त्याने आपले अर्धेअधिक आयुष्य काढले. पुढे महाविद्यालयाच्या वार्षिकांकात 'वडील' या विभागासाठी त्याने व्यक्तिचित्र लिहिले तेव्हा हा प्रसंग त्यात आला : क्षणाच्या रागापायी घराला चार महिने उपाशी ठेवणारा, मनाने वाईट नसलेला, पण हट्टी माणूस. लेखाचे कौतुक झाले. दुसरीने तो वाचून एका विशेषणाची सूचनाही केली होती. म्हणजे तिचाही त्यात हात आहे.

अण्णांनी तो लेख वाचला होता. चष्मा लावून, दोन दिवस घेऊन. वाचून "चांगलं लिहिलंस" म्हणाले होते.

आता हे सारे कळल्यावर आम्ही त्यांना विचारले, की तेव्हाच का नाही सांगितलेत? ते बराच वेळ झडप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "फुटला असता तर सांगितलं असतं. फुटला नाही, तर काय सांगायचं? आई म्हणायची, बांधला असतात तर काय बिघडलं असतं. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं."

आजही ते उत्तर कोणाकडे नाही. बॉयलर फुटला असता तर अण्णा द्रष्टे ठरले असते. तो फुटला नाही, म्हणून ते भांडकुदळ ठरले. बाहेरही आणि घरातही. सुरक्षेच्या बाजूने वागलेल्या माणसाच्या हाती कथा लागत नाही, कारण त्याने टाळलेली घटना घडतच नाही. येथे तर तीही परिस्थिती नाही. त्यांच्या पश्चात झडप बांधली गेली आणि तरीही काही घडले नाही. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्ही नकार, विद्रोह, भूमिका घेणे हे शब्द तासातासाला वापरतो. ज्या नकाराची किंमत चुकती झाली आणि फळ मिळाले, किंवा ज्याची शोकांतिका झाली, तो नकार आम्हांला ओळखता येतो. ज्याची नुसतीच किंमत चुकती झाली आणि पुढे काहीही घडले नाही, असा एक नकार आमच्या घरात तीस वर्षे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याला आम्ही स्वभावदोष म्हटले, आणि तसे छापले.

त्या व्यक्तिचित्रातील घटना खरी होती. तिचा अर्थ चुकीचा होता. वार्षिकांकाला शुद्धिपत्र काढण्याची प्रथा नाही. म्हणून ते येथे.

या कहाणीला एक उपकथानक आहे. त्याच आठवड्यात इंग्लंडमधील लीड्सहून दुसरीच्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या घरी निजण्याच्या खोलीतला रेडिएटर थंड पडला होता, बाकीचे गरम होते. रेडिएटर म्हणजे गरम पाणी खेळवून खोली उबदार ठेवणारा भिंतीलगतचा पत्र्याचा डबा; अण्णांनी तो उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. त्यांनी फोन मागून घेतला आणि विचारले, "डब्याकडं येणारी नळी हाताला गरम लागते?" लागत होती. "मग पाणी वॉलपाशी अडलंय. वॉल उघड, आतली दांडी बघ." त्या झडपेच्या टोपीत उष्णतेने फुगणारा द्रव किंवा मेण असते, खोली तापली की ते फुगून आतली दांडी दाबते आणि पाणी कमी करते. डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसेनची ही १९४३ सालची कल्पना. उन्हाळाभर न हललेली दांडी कधी कधी दाबलेल्या स्थितीतच चिकटून बसते. तसेच झाले होते. टोपी काढून, दांडी हलकेच हलवून एक दिवस निभावला. मग ती पुन्हा चिकटली. शेवटी तेथल्या कारागिराने सगळ्या नळ्यांतले पाणी उतरवून झडप बदलली. उतरलेले पाणी गंजाने काळेकुट्ट होते, असे बहिणीने सांगितले. अण्णांनी काढलेली झडप कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "आपल्यासारखाच आहे."

घरातली नवी झडप पाणी तापताना टपकते आणि तापून झाले की थांबते. अण्णांनी तिच्याखाली स्टीलचे भांडे ठेवले आहे. टाकीही थोडी ताणत असल्यामुळे पाव लिटर भरत नाही, जरा कमीच भरते. ते पाणी गार झाल्यावर ते तुळशीला घालतात. सकाळी सहाच्या सुमारास, उत्तरपत्रिका घेऊन बसलो असताना, तो आवाज येऊ लागतो. एखाद्या सकाळी तो आला नाही, तर आमच्यापैकी जो जवळ असेल तो उठून पाहून येतो.